रक्त प्यायल्यानंतरचे तास : एडिस डासावरच्या प्रकल्प नोंदी

८ जुलै २०२४

विषय एकदाचा ठरला. एडिस इजिप्ती या डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची मादी रक्त प्यायली की तिच्या अंडाशयात पीतक (अंड्यातला पोषक बलक) भरायला लागतं. हा हुकूम कोण सोडतं, कुठून सोडतं आणि किती तासांनी, हे बघायचं. मॅडमचं म्हणणं असं की लॅबच्या वहीत फक्त तारीख, तापमान, काय केलं आणि काय दिसलं एवढंच लिहायचं. बाकीचं पाल्हाळ इथे.

बीएस्सीला एक्डायसोन, म्हणजे कीटकाला कात टाकायला लावणारं संप्रेरक, शिकले ते अळीसोबत. अळी कात टाकते, कोषात जाते, कोषातून प्रौढ बाहेर पडतो आणि धडा संपतो. धडा तिथे संपवणं सोयीचंही आहे, कारण छातीतली जी ग्रंथी एक्डायसोन बनवते ती प्रौढ कीटकात विरून जाते. परीक्षेत कुणी पुढचं विचारत नाही. पण प्रौढ मादीच्या अंगात एक्डायसोन असतंच, आणि ते बनवायचं काम आता अंडाशयाकडे गेलेलं असतं. ज्या कीटकाला आता आयुष्यात कात टाकायचीच नाही, त्याच्या शरीरात हे स्टेरॉइड काय करतं? उत्तरं बरीच आहेत आणि त्यातली काही डेंग्यू-मलेरियाशी थेट जोडलेली आहेत.

१२ जुलै

दुसऱ्या एका संस्थेच्या कीटकगृहातून अंड्यांच्या पट्ट्या आल्या. एडिसची अंडी वाळलेल्या कागदावर कित्येक महिने तग धरतात, त्यामुळे पाकिटातून पाठवता येतात. (कूलर आणि कुंड्यांखालच्या बशा नुसत्या ओतून भागत नाही, घासाव्या लागतात, त्याचं कारणही हेच.) पट्ट्या पाण्यात सोडल्या. खाद्य म्हणून कुत्र्याची बिस्किटं आणि यीस्ट, दोन्ही वाटून. तापमान २७ अंश. आर्द्रता ७५-८० टक्के हवी, ती कोल्हापूरच्या पावसाने फुकट दिली आहे.

लॅबमधल्या मामांना हे सगळं अजिबात पसंत नाही. 'ताई, बाहेर नगरपालिका फवारणी करतीय आणि तुम्ही आत पाळताय.' त्यांना दुहेरी दार, जाळी, आणि प्रयोग झाल्यावर डास फ्रीजरमध्ये मारून मगच टाकायचे हा नियम दाखवला. पूर्ण समाधान झालेलं दिसलं नाही.

१९ जुलै

अळ्या वाढतायत, हाताला काम कमी. वाचन.

एक्डायसोन शुद्ध स्वरूपात पहिल्यांदा हाती आलं १९५४ मध्ये. जर्मनीत ॲडॉल्फ बुटेनांट आणि पीटर कार्लसन यांनी रेशीमकिड्याचे सुमारे ५०० किलो कोष घेतले आणि त्यातून २५ मिलिग्रॅम स्फटिक काढले. बुटेनांटना माणसाच्या लैंगिक संप्रेरकांवरच्या कामासाठी १९३९ चं नोबेल आधीच मिळालेलं होतं. स्फटिक हाती आला तरी रेणूची रचना कळायला १९६५ उजाडलं. कळलं ते असं की हे स्टेरॉइड आहे, आपल्या इस्ट्रोजेन-टेस्टोस्टेरॉनच्या गोतावळ्यातलं. फरक इतकाच की कीटकाला स्टेरॉलचा सांगाडा स्वतः बनवता येत नाही. कोलेस्टेरॉल किंवा वनस्पतींतलं स्टेरॉल अन्नातून मिळालं तरच पुढचा कारखाना चालतो.

तो कारखाना चालवणाऱ्या जनुकांची नावं भुताखेतांची: स्पूक, फँटम, डिसएम्बॉडीड, शॅडो, शेड. फळमाशीच्या ज्या भ्रूणांत ही जनुकं बिघडलेली असतात त्यांना बाहेरचं कवच नीट बनवता येत नाही, म्हणून ही भुताटकी. शेवटची पायरी 'शेड'ची: एक्डायसोनचं २०-हायड्रॉक्सिएक्डायसोन करायचं. खरं काम करणारा रेणू हाच. इथून पुढे त्याला २०-ई म्हणेन. ही शेवटची पायरी बहुतेक वेळा अंडाशयात पार पडत नाही, मेदपिंडासारख्या (पोटातला चरबीचा थर) दुसऱ्या ऊतींत पार पडते. अंडाशय कच्चा माल पाठवतो आणि ज्याला हुकूम हवा तो स्वतःच त्यावर शेवटचा हात फिरवतो. मला हे फार आवडलं.

२७ जुलै

प्रौढ बाहेर पडले. नर आधी, माद्या मागून. मनुका भिजवून आणि साखरपाण्याचा कापूस ठेवला.

तीन-चार दिवसांच्या काही माद्या बर्फावर निपचित करून मिठाच्या पाण्यात उघडल्या. पोटाच्या शेवटच्या दोन खंडांना सुई लावून हळूच ओढलं की दोन्ही अंडाशय बाहेर येतात. हात बसायला वेळ लागतो, पण एकदा बसला की गंमत वाटते. आत पुटकांच्या, म्हणजे ज्यांत एकेक अंडं वाढतं त्या पिशव्यांच्या, माळा दिसतात. सगळी पुटकं जवळपास सारख्या आकाराची, स्वच्छ, पारदर्शक, पीतकाचा कणही नाही. कोषातून बाहेर आल्यावरचे पहिले दोन-तीन दिवस जुव्हेनाइल हॉर्मोन या दुसऱ्या संप्रेरकाचे असतात. ते पुटकांना एका ठरावीक आकारापर्यंत आणतं, मेदपिंडालाही तयार करून ठेवतं, आणि मग सगळं थांबतं. रक्त मिळालं नाही तर हे थांबणं आठवडाभरही चालू राहील.

२ ऑगस्ट

रक्त पाजलं. सशावर डास सोडायचे तर प्राणी-नैतिकता समितीची परवानगी लागते, तिची वाट बघत बसले असते तर सेमिस्टर संपलं असतं. म्हणून कृत्रिम पडदा. काचेच्या छोट्या फीडरला खालून पॅराफिल्म ताणायची, आत चिकनवाल्याकडून आणलेलं ताजं रक्त, बाहेरच्या आवरणातून ३७ अंशाचं पाणी फिरवायचं. रक्त गोठू नये म्हणून दुकानातच काचेच्या कांडीने ढवळत राहायचं, म्हणजे फायब्रिन कांडीला गुंडाळून येतं. चिकनवाल्याने एकदाही कशाला म्हणून विचारलं नाही. कॉलेजच्या गेटवरच्या वॉचमनने मात्र डबा उघडून दाखवायला लावला.

पाणी जरा जरी निवलं तरी माद्या पडद्यावर बसत नाहीत. फीडर हाताच्या घामाने पुसला की लगेच येतात. पोट लाल टम्म झालेल्याच माद्या वेगळ्या केल्या, अर्धवट प्यायलेल्या घेतल्या नाहीत. रक्त कमी पडलं तर अंडी कमी बनतात किंवा बनतच नाहीत, आणि मग तुलनेला अर्थ राहत नाही.

३-५ ऑगस्ट

तासातासाने उघडून बघणं. रात्री उशिरा थांबायची परवानगी काढली, मामांनी किल्ली दिली आणि वर दोन केळीही.

सुरुवातीचे काही तास नजरेला फारसा फरक नाही. मग पुटकांच्या आत, अंडपेशीच्या कडेने, बारीक दाणे दिसायला लागतात. चोवीस तासांनी उघडलेल्या मादीत पुटकं फुगलेली, अपारदर्शक, प्रकाश खालून टाकला तर काळपट. अठ्ठेचाळीस तासांनी ती लांबोळकी होतात. बहात्तर तासांच्या आसपास अंडी तयार, आणि ओला कागद ठेवला की पांढरी अंडी पडतात, जी दोनेक तासांत काळी होतात. एका खेपेला साधारण शंभरेक अंडी.

पीतकाचं प्रथिन, व्हायटेलोजेनिन, अंडाशयात बनत नाही. ते मेदपिंडात बनतं, रक्तलसिकेत (कीटकाच्या रक्तात) उतरतं आणि पुटकं ते शोषून घेतात. मेदपिंड म्हणजे पोटाच्या आतून चिकटलेला पांढरा थर, आपलं यकृत आणि चरबी यांचं मिळून जे काम तेच त्याचं. म्हणजे हुकूम पोचायला हवा तो मेदपिंडापर्यंत.

९ ऑगस्ट

हा हुकूम कोणाचा याची उकल सत्तरच्या दशकात झाली. हेनरी हॅगेडॉर्न आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये दाखवलं की मेदपिंडाला व्हायटेलोजेनिन बनवायला लावतो तो अंडाशय, आणि १९७५ मध्ये अंडाशयातून निघणारी ती गोष्ट एक्डायसोन आहे हेही दाखवलं. प्रौढ कीटकाचा अंडाशय स्टेरॉइड बनवतो हे तेव्हा पचायला जड गेलं असणार. कात टाकायला लावणारा रेणू अंडी बनवायला लावतो!

आज साखळी अशी मांडतात. रक्त पोटात जातं. मेंदूतल्या काही चेतापेशी दोन प्रकारची पेप्टाइडं (छोटे प्रथिनतुकडे) सोडतात: एक अंडाशयाला स्टेरॉइड बनवायला लावणारं, दुसरी इन्सुलिनसारखी. अंडाशय एक्डायसोन सोडतो. रक्तलसिकेतली पातळी चार-सहा तासांपासून चढायला लागते, अठरा ते चोवीस तासांच्या दरम्यान शिखर गाठते आणि मग उतरते. मेदपिंडाच्या पेशीत २०-ई आपल्या ग्राहकाला, म्हणजे संदेश पकडणाऱ्या रेणूला, चिकटतं. हा ग्राहक दोन प्रथिनांची जोडी असतो. जोडी डीएनएवर बसते, आधी काही नियंत्रक जनुकं चालू होतात आणि त्यांच्या मागोमाग व्हायटेलोजेनिनचं जनुक.

पण नुसतं २०-ई पुरत नाही. रक्तातल्या प्रथिनांचे अमिनो आम्ल मेदपिंडात पोचले, आणि 'टॉर' नावाच्या यंत्रणेने 'माल आला' अशी खबर दिली, तरच २०-ईचा हुकूम पुरता लागू होतो. हुकूम आणि शिधा, दोन्ही एकदम. हे ज्याने घडवलं (उत्क्रांतीने, दुसऱ्या कोणी नाही) त्याला हिशेब कळत होता.

१३ ऑगस्ट

मुख्य प्रयोग. रक्त प्यायलेल्या माद्यांचे गट केले आणि वेगवेगळ्या तासांना त्यांची डोकी कापली.

ऐकायला क्रूर आहे, मामांनी तर खोलीत यायचंच बंद केलं. पण पद्धत जुनी आणि साधी आहे. जॅक गिलेटने १९५० च्या दशकात एडिसवर हेच केलं होतं. मादी बर्फावर ठेवायची, बारीक कात्रीने मान कापायची, मग ओल्या गाळणकागदाच्या डबीत ठेवायची. डोकं नसलेली मादी कित्येक दिवस जगते. कीटकाच्या श्वासोच्छ्वासाला डोकं लागत नाही, आणि रक्तलसिकेचा दाब एवढा नसतो की ती वाहून जाईल. डबी कोरडी पडली तर मात्र ती सुकून मरते, म्हणून दर काही तासांनी पाण्याचा थेंब.

जोडीला तुलनेसाठी एक गट फक्त एक पाय तोडलेल्या माद्यांचा, जखमेचा परिणाम वेगळा कळावा म्हणून. एक गट काहीच न केलेला.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनानंतर थेट लॅब. अपेक्षेपेक्षा निकाल स्वच्छ आले.

रक्त प्यायल्याबरोबर डोकं कापलेल्या माद्यांची पुटकं जिथल्या तिथे, पारदर्शक. दुसऱ्या दिवशी कापलेल्यांत पीतक भरलेलं, धडधाकट माद्यांसारखंच. पाय तोडलेल्यांतही भरलेलं. मधल्या तासांत कापलेल्यांत मात्र खिचडी: काहींत भरलं, काहींत नाही, एका मादीत तर एका बाजूची पुटकं दुसरीपेक्षा मोठी.

मला सगळ्यात जास्त पटला तो दुसऱ्या दिवशीचा गट. जखम तीच, मादी तितकीच बिनडोक्याची, तरी अंडी बनली. म्हणजे अंडी बनवायला डोकं लागत नाही. डोक्याने पहिल्या काही तासांत जे पाठवलं ते लागतं. त्यानंतर पुढचं सगळं अंडाशय आणि मेदपिंड आपसात बघून घेतात.

मॅडमनी वही बघून एकच प्रश्न विचारला: 'पोटातलं रक्त पचलं होतं का?' फोटो पुन्हा बघितले. लवकर कापलेल्यांच्या पोटात रक्त अजून लाल, जवळपास जसंच्या तसं. इन्सुलिनसारखी पेप्टाइडं पचनाच्या एन्झाइमांनाही चालना देतात. मग पीतक बनलं नाही ते एक्डायसोन नव्हतं म्हणून, की अमिनो आम्लच मिळालं नाही म्हणून? माझ्या प्रयोगावरून हे दोन वेगळे करता येत नाहीत. प्रबंधात हे याच शब्दांत जाईल. 'डोकं कापलं, संप्रेरक थांबलं, अंडी थांबली' असं सरळ वाक्य लिहायचा मोह होता, पण ते खरं नाही.

२२ ऑगस्ट

बिनडोक्याच्या माद्यांना २०-ई टोचून बघावं का, यावर चर्चा. काही मिलिग्रॅमची कुपी येते, किंमत विभागाच्या बजेटच्या मानाने डोळे पांढरे करणारी. काचेच्या नळ्या बर्नरवर ओढून सुया बनवता येतील. पण खरी अडचण पैशाची नाही. न प्यायलेल्या मादीला २०-ई टोचून व्हायटेलोजेनिन बनवता येतं हे पूर्वीच दाखवलेलं आहे. मात्र त्यासाठी लागणारी मात्रा तिच्या अंगात नैसर्गिकपणे असते त्याच्या कितीतरी पट असायची. ए. ओ. ली यांनी १९८२ मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवलं: इतक्या मात्रेने मिळालेला परिणाम कृत्रिम असू शकतो. ज्यांनी मेंदूतल्या चेतापेशींचा सहभाग स्वतः सिद्ध केला त्यांनीच हे म्हणावं, म्हणून त्याला वजन आहे. आमच्याकडे पातळी मोजायची सोय नाही. न मोजता टोचणं म्हणजे प्रयोगाचा देखावा. रद्द.

३० ऑगस्ट

वागणुकीचा भाग. पिंजऱ्याच्या जाळीबाहेर, चावता येणार नाही इतक्या अंतरावर, हात धरायचा आणि जाळीवर किती माद्या येऊन बसतात ते बघायचं. न प्यायलेल्या झुंबड करतात. नुकत्या प्यायलेल्या ढिम्म. यात नवल नाही, पोटाला ताण बसलेला असतो. नवल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं: रक्त बरंचसं पचलंय, पोट सैल झालंय, तरी अंडी तयार होईपर्यंत त्या हाताकडे फिरकत नाहीत. अंडी घातल्यावर पुन्हा तीच झुंबड.

मार्क क्लाउडन आणि ली यांनी १९७९ च्या सुमारास दाखवलं की हा दुसरा टप्पा रक्तलसिकेतून येतो आणि अंडाशय काढून टाकलेल्या मादीत तो दिसत नाही. म्हणजे अंडाशय भुकेवर लगाम घालतो. पण तो लगाम एकट्या २०-ईचा आहे असं म्हणता येत नाही. चेतापेप्टाइडांचाही त्यात हात आहे. २०१९ मध्ये लॉरा डुव्हॉल आणि सहकाऱ्यांनी अशा एका पेप्टाइडाच्या ग्राहकाला चालना देणारं रसायन उपाशी माद्यांना पाजलं, तर त्यांनी माणसाचा पाठलाग सोडला. माझ्या वर्गमित्राला 'स्टेरॉइड भूक बंद करतं' हे शीर्षक फार आवडलं होतं, त्याला नाही म्हटलं.

५ सप्टेंबर

परवा गणपती. बाजारात पत्रीच्या ढिगात आघाडा होता, आणि मी थांबून बघत राहिले, भाजीवाल्या मावशींना वाटलं भाव करतेय. आघाड्याच्या प्रजातीतल्या वनस्पतींत २०-ई सापडतं. जपानी रसायनशास्त्रज्ञांनी साठच्या दशकात ते आघाड्याच्या तिकडच्या भाईबंदांतून वेगळं केलं. बुटेनांटनी अर्धा टन कोष झिजवून मिळवलं त्याच जातीचं स्टेरॉइड पाल्यात-मुळांत भरपूर. अनेक वनस्पती हे रेणू बनवतात, बहुधा खाणाऱ्या अळीचं वेळापत्रक बिघडवायला. कडुनिंबातलं अझाडिरॅक्टिन वेगळ्या वाटेने तोच घोळ घालतं, ते कीटकाच्या अंगातलं एक्डायसोन सुटण्यातच अडथळा आणतं.

२१ रुपयांची पत्री घेतली.

१४ सप्टेंबर

विसर्जनाआधीचा सेमिनार, निम्मा वर्ग गैरहजर. इतर कीटकांचं थोडक्यात सांगितलं. फळमाशीत २०-ई झोपेचं प्रमाण ठरवण्यात भाग घेतं. मादीने झिडकारल्याची नराची दीर्घकाळची आठवण पक्की व्हायलाही ते लागतं, हे आयोवातल्या तोशिहिरो कितामोतो यांच्या गटाचं काम. एक्डायसोनच्या ग्राहकाची एक प्रत बिघडलेल्या माश्या जास्त जगतात, हे २००३ मध्ये आलं. समागमानंतर मादीचं आतडं वाढतं ते अंडाशयातून गेलेल्या एक्डायसोनमुळे, हे २०२० मधलं.

मुलं जागी झाली ती हार्पेग्नॅथॉस सॉल्टेटर या उडी मारणाऱ्या मुंगीवर, कारण ती आपल्याच पश्चिम घाटातली. राणी मेली की कामकरी मुंग्या शृंगिकांनी (डोक्यावरच्या मिशांनी) द्वंद्व खेळतात, आणि जिंकणाऱ्या काही अंडी घालायला लागतात. त्यांचा मेंदू आकसतो, आयुष्य महिन्यांवरून वर्षांवर जातं. कामकरी मुंगीत जुव्हेनाइल हॉर्मोन जास्त, अंडी घालणारीत २०-ई जास्त. २०२१ च्या एका कामात दिसलं की केआर-एच१ हे एकच प्रथिन दोन्हीकडे असतं आणि ज्या संप्रेरकाच्या हाताखाली असेल त्यानुसार दुसऱ्या गटाचं (कामकरी किंवा अंडी घालणारीचं) वागणं दाबून ठेवतं.

मागच्या बाकावरून प्रश्न: 'म्हणजे मलेरियाच्या डासातही तुझ्यासारखंच?'

२० सप्टेंबर

त्या प्रश्नाचं उत्तर वर्गात अर्धंच दिलं होतं, नीट लिहून ठेवते.

नाही. ॲनोफेलिस गॅम्बी या आफ्रिकेतल्या मलेरियाच्या डासात रक्त प्यायल्यावर मादी स्वतः २०-ई बनवते, तिथपर्यंत एडिससारखंच. पण त्यात नरही २०-ई बनवतो, आपल्या सहायक ग्रंथींत, आणि समागमाच्या वेळी बुचासारख्या गोळ्यातून ते मादीच्या अंगात सोडतो. नरात हे स्टेरॉइड इतकं असतं हे २००८ मध्ये समजलं. त्याने मादी पुन्हा समागम करायची नाही असं ठरवते आणि अंडी घालायला सज्ज होते, हे फ्लामिनिया कॅटेरुच्चिया यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं. मग मादीने रक्त पिऊन स्वतः बनवलेल्या २०-ईने तिचा समागम का बंद होत नाही? याचं उत्तर २०२२ मध्ये आलं. नर देतो तो रेणू थोडा वेगळा, ऑक्सिडीकरण झालेला, नरच बनवू शकतो असा. मादी दोन्ही रेणूंत फरक करते.

एडिसचा नर यातलं काही करत नाही. त्याच्या वीर्यद्रवात प्रथिनं असतात आणि एडिसची मादी पुढच्या समागमाला नाही म्हणते ती त्यांच्यामुळे. शेवट दोन्हीकडे सारखा, वाट वेगळी. आणि ॲनोफेलिस म्हटले म्हणजे सगळे एक असंही नाही: लॅटिन अमेरिकेतल्या ॲनोफेलिस अल्बिमॅनसचा नर हे स्टेरॉइड देत नाही.

हे नुसतं कुतूहलापुरतं नाही. २०१६ मध्ये २०-ईची नक्कल करणारं एक रसायन ॲनोफेलिस माद्यांना लावून बघितलं, शेतीत अळ्यांवर वापरतात त्याच कुळातलं. अंडी थांबली, समागम थांबला, आयुष्य कमी झालं आणि मलेरियाच्या परजीवीची लागणही घटली. यातला समागमाचा भाग ॲनोफेलिसच्या नराच्या सवयीवर उभा आहे. तोच परिणाम माझ्या पिंजऱ्यातल्या एडिसवर मिळेल असं गृहीत धरलं तर फसगत होईल. दोघींना आपण 'डास' म्हणतो आणि एकच फवारा मारतो, हा आपला आळस.

२७ सप्टेंबर

कच्चा प्रबंध मॅडमना दिला. 'एक्डायसोनमुळे' असं जिथे होतं तिथे त्यांनी लाल पेनने 'मेंदूच्या संदेशामुळे' केलंय, बरोबर आहे, मी मोजलं ते तेवढंच. पचनाचा परिच्छेद त्यांनी परिशिष्टातून काढून निष्कर्षांच्या वर आणला.

पुढच्या वर्षी हे घेणारीसाठी: फ्रीजरच्या वरच्या कप्प्यात अंड्यांच्या पट्ट्या नाहीत, त्या कपाटात बंद डबीत आहेत, गोठवू नयेत. फीडरच्या पाण्याचा थर्मामीटर एक अंश कमी दाखवतो. आणि मधल्या तासांत डोकं कापायचा गट मोठा घे. खिचडी तिथेच आहे आणि बघण्यासारखंही तिथेच आहे. शक्य झालं तर त्या गटाच्या पोटातलं न पचलेलं प्रथिन मोज, त्याला कुपी लागत नाही, साधा कलरीमीटर पुरतो.